नवरी उचलण्याचा मान

आमच्या घराण्यात नवरी बोहल्यापर्यंत चालत येत नाही. मामा तिला दोन्ही हातांवर उचलून आणतो, आणि दोन मामा असतील तर मान थोरल्याचा. आमच्या थोरल्या बहिणीला, अक्काला, दोन मुली. मामा आम्ही दोघे, मी आणि माझा धाकटा भाऊ. म्हणजे मान माझा होता. चौऱ्याहत्तर सालापर्यंत याबद्दल मला कधी शंका आली नाही.

त्या साली अक्काच्या थोरलीचं लग्न ठरलं. मी शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीत दिवाणजी होतो. तिथल्या काट्यावर दिवसभर गुळाचे रवे तोलले जात. एक रवा, म्हणजे अख्खी ढेप, साधारण तीस किलोचा. एकदा हमालांनी थट्टेनं मलाच काट्यावर उभं केलं. त्र्याण्णव किलो.

"दिवाणजी, तीन रवं भरलासा की," त्यांच्यातला एक म्हणाला. "वर तीन किलो जादा."

हसू मलाही आलं. पण जिना चढताना धाप लागत होती, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब निघाला. वजन उतरेपर्यंत काही जड उचलायचं नाही, असं त्यांनी बजावलं. बायकोनं ते अक्काला सांगितलं आणि अक्कानं सरळ निकाल दिला की मग या खेपेला धाकट्यानं उचलावं.

हा धाकटा दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्याइतकाच जाड होता. आम्ही एकाच शिंप्याकडे एकाच मापाचे कोट शिवले होते. मग तो कोर्टातल्या नोकरीला सायकलनं जाऊ लागला. रात्री एक भाकरी कमी, ताटात पालेभाजी जास्त. रविवारचं मटण त्यानं सोडलं नाही, फक्त तांबड्या रश्श्याची तिसरी वाटी सोडली. वर्षभर कुणाच्या काही लक्षात आलं नाही आणि मग सगळ्यांच्या एकदमच आलं. एकदा तो कोट घालून आमच्याकडे जेवायला आला. माझी बायको कौतुकानं म्हणाली, "भावजींच्या अंगावर कोट बघा कसा लोंबतोय." माझ्या तोंडात घास होता. मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

लग्नाला अडीच महिने होते. त्यानं दोन वर्षांत केलं ते मला तेवढ्यात करायचं होतं. अडतीत येणाऱ्या एका व्यापाऱ्यानं पुण्याहून एक उपाय आणला होता. सकाळी गरम पाण्यात लिंबू-मध, दुपारी पपई, रात्री काही नाही. दुसऱ्या आठवड्यात भुकेनं कामात लक्ष लागेना. एकच नोंद मी दोनदा लिहिली. माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. त्या रात्री मी भाकऱ्यांवर तुटून पडलो. आठवडाभरात उतरलेले चार किलो परत आले.

मग रंकाळ्याला फेरी सुरू केली. आमच्या गावात व्यायाम म्हणजे तालीम, आणि तालीम म्हटली की खुराक आलाच. त्यामुळे फेरी झाली की मी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जायचो. तिथं म्हशी उभ्या असतात आणि समोरच ग्लासात धार काढून देतात. एक मोठा ग्लास फेसासकट घ्यायचो, मग दुसरा. घरी आल्यावर भिजवलेले बदाम. मी मन लावून चालत होतो, घाम गाळत होतो आणि काटा पंच्याण्णव दाखवत होता.

एका सकाळी धाकटा कट्ट्यावर सायकलवरून उतरला. त्यानं अर्धा ग्लास घेतला. माझ्या हातातल्या दुसऱ्या ग्लासाकडे बघत म्हणाला, "दादा, पैलवान दिवसभर मातीत घुमतोय, म्हणून त्याला ह्यो खुराक पचतोय. तुला कुणासंगं कुस्ती धरायची हाय?"

तुझ्यासंगंच, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ग्लास रिकामा केला.

लग्नात त्यानंच भाचीला उचललं. ती हसत होती. तोही हसत होता. फोटोवाल्यासाठी तो वाटेत थांबलासुद्धा, पन्नास किलो हातांवर घेऊन. मी मुठीत अक्षता धरून बघत राहिलो. नंतर अक्कानं दोघांनाही सारखेच फेटे बांधले, उचलणाऱ्याला आणि नुसतं बघणाऱ्यालाही. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मी दूधकट्टा बंद केला. डॉक्टरांचं ऐकून नव्हे. धाकट्याला गाठण्यासाठी. फेरी चालू ठेवली. दोन भाकरी, उसळ नाहीतर पालेभाजी, ताक. रविवारी मटण, पण रस्सा एकच वाटी. तो करतो तेच मी करतोय हे कुणाला सांगू नको, असं मी बायकोला बजावलं. तिनं सगळ्यांना सांगितलं. महिन्याला एखादा किलो उतरे, कधी तोही नाही. आंब्याच्या दिवसांत उलट चढे. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी निम्मी केली आणि वजन उचलायला हरकत नाही म्हणाले. मी अडतीत रवा उचलून बघू लागलो. हमाल हातातलं काम थांबवून बघायचे.

शेवटी मी शहात्तरवर आलो. धाकटा सत्तरवर होता. हे मला पक्कं माहीत होतं, कारण तो गूळ न्यायला आला की मी त्याला गमतीनं काट्यावर उभं करत असे. त्याला ती गंमतच वाटायची.

थोरलीनंतर चार वर्षांनी धाकट्या भाचीचं लग्न निघालं. कोण उचलणार, असं अक्कानं सगळ्यांदेखत विचारलं. मी काही बोलायच्या आत धाकटा म्हणाला, "दादाचा मान हाय." किती सहज म्हणाला. माझाच मान मला त्याच्या हातून मिळत होता.

ही भाची अंगानं भरलेली, त्यात शालू आणि दागिने. मी तिला उचललं. दोन पावलं टाकली तर धाकटा बाजूनं चालत होता. त्यानं माझ्या कोपराखाली पंजा पसरून धरला होता.

"हात काढ," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे की दादा. गर्दी हाय."

"काढ म्हणतो ना."

"मामा, भांडू नका," भाची वरून कुजबुजली, "मी पडीन."

त्यानं हात काढला. मी तिला बोहल्यावर नेऊन उभी केली. दम लागला, पण तोंड मिटून सोसण्याइतकाच. अक्काकडे नाही, बायकोकडे नाही, मी आधी त्याच्याकडे बघितलं. तो उपरण्यानं डोळे पुसत होता. तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं.

पंगतीत अक्का वाढायला आली. "दोघांनीबी झ्याक उचललं," ती म्हणाली. "पर धाकट्यानं थोरलीला उचललीती, तवा जणू फूलच उचललंय असं वाटलंतं."

धाकटा जिलेबी खात होता. मी माझी दुसरी जिलेबी ताटात तशीच ठेवली.

सकाळी पाहुणे उठायच्या आत मी रंकाळ्यावर गेलो. काठाला त्याची सायकल टेकवलेली होती आणि तो बराच पुढं चालत होता. मी पाय उचलले.