बाईंनी पिना मारलेला धडा

स्टेपलरचा खटखट आवाज आला की माझं डोकं अजून फिरतं. बोईसरला दहावीत होते तेव्हा विज्ञानाच्या बाईंनी सगळ्यांच्या पुस्तकातल्या प्रजननाच्या धड्याची पानं पिना मारून बंद केली होती. मी विचारलं, "बाई, परीक्षेत आलं तर?" तर म्हणाल्या, "तुझी आई मुरबे गावची मच्छीवाली ना, तिला विचार. असल्या गोष्टी बाजारात बऱ्या कळतात." अख्खा वर्ग हसला आणि वर मलाच बाहेर उन्हात उभं केलं. कारखान्यांचा तो उग्र वास नाकात, डोळ्यांत पाणी. आठवड्याने शाळा तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. बाई बिनधास्त म्हणाल्या, "सगळे धडे शिकवून झालेत." मी उठले आणि माझं पुस्तक साहेबांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी नखाने एकेक पिन काढली आणि म्हणाले, "बाई, आत्ता शिकवा, मी बसतो." बाईंचा आवाज कापायला लागला. मी दर वाक्याला हात वर करत होते, "बाई, परत सांगा ना, नाय कळलं." शेजारची मैत्रीण कुजबुजली, "आता पुरे गो, रडतील त्या." मी नाय थांबले. आता सगळे सांगतात, लहान होतीस, विसरून जा. पण मला वाईट एवढंच वाटतं, की तास संपला तेव्हा माझ्या अजून दोन शंका बाकी होत्या.