पटलावर ठेवलेली अकरा पानं

कंपाउंडर निवडून आले तेव्हा सगळ्यांत मोठा धक्का कंपाउंडरांनाच बसला. एकतीस वर्षं ते डॉक्टरांच्या दवाखान्यात लाकडी खिडकीमागे उभे राहून गोळ्यांच्या पुड्या बांधत होते आणि "जेवणानंतर, एक-एक" असं सांगत होते. निवडणुकीत दोन मोठ्या पक्षांच्या उमेदवारांनी एकमेकांची लक्तरं अशी काही वेशीवर टांगली, की लोक दोघांनाही विटले. कंपाउंडरांचा अर्ज कुणीतरी गंमत म्हणून भरायला लावला होता. ते दोनशे अकरा मतांनी निवडून आले. "आता माझ्या पुड्या कोण बांधणार?" असं डॉक्टरांनी विचारलं, तर यांना उत्तर सुचेना. ऐनवेळी सुचणं हा गुण त्यांच्यात औषधालाही नव्हता.

सभागृहात त्यांना शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडचा बाक मिळाला. वर थंड हवेची जाळी होती, ती थेट मानेवर फुंकायची, म्हणून भर उन्हाळ्यात हा माणूस मफलर गुंडाळून बसायचा. मंत्री बोलत असले की यांना मंत्र्यांचा उजवा हात तेवढा दिसायचा. त्या हातावरून मंत्री खरं बोलतायत की वेळ मारून नेतायत, हे आपल्याला कळतं, असं ते म्हणत.

तिथे वजन पक्षाला असतं, एकट्या माणसाला कुणी विचारत नाही. ज्या पक्षाची जितकी डोकी, तितकी त्याला बोलायला मिनिटं. चार अपक्षांना मिळून आठ मिनिटं मिळत, म्हणजे माणशी दोन, आणि तीही सगळ्यांचं बोलून झाल्यावर, लोक पिशव्या आवरायला लागल्यावर. पक्षाच्या लोकांना कधी उठायचं, कधी बसायचं, कुठला कागद कुठे द्यायचा हे सांगायला त्यांचा प्रतोद असतो. कंपाउंडरांना सांगणारं कुणी नव्हतं. ते आपले इतरांकडे बघून बघून शिकले, आणि बघून जेवढं शिकता येतं तेवढंच शिकले.

पण कामाला माणूस वाघ. पाच वर्षांत त्यांनी तीनशे चाळीस प्रश्न लिहून दिले, औषधाच्या चिठ्ठीवर मावेल अशा बारीक अक्षरात. पूल खचला आहे, हे खरे आहे काय? उत्तर, नाही. असल्यास दुरुस्ती कधी होणार? उत्तर, प्रश्न उद्भवत नाही. पुलावरून रोज बसने येणारा माणूस हे उत्तर वाचायचा, घडी करून खिशात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत लिहायचा. पुढच्या बाकांवरचे त्यांना "उद्भवत नाही" म्हणूनच हाक मारायचे. कंपाउंडर हसायचे. राग त्यांना यायचा, पण तो घरी पोचल्यावर, आणि तोवर समोर कुणी नसायचं.

चौथ्या वर्षी त्यांचा भाचा गेला. थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. ताईचा नवरा लवकर गेला होता आणि या पोराला कंपाउंडरांनीच कडेवर घेऊन वाढवलं होतं. सव्वीस वर्षांचा, रंगाच्या कारखान्यात वायरमन होता. एका रविवारी टाकी साफ करणारी माणसं आली नाहीत, तेव्हा फोरमनने याच्या कमरेला दोर बांधला आणि याला आत सोडलं. टाकीत रंगाचा विषारी वास साचलेला. दोर धरणाऱ्या दोघांनी त्याला वर ओढलं तेव्हा पोरगं गेलेलं होतं. कारखान्याने सांगितलं, दारू पिऊन आला होता, तोल जाऊन पडला. पोलिसांच्या कागदात टाकीशेजारी एक बाटलीही उगवली.

आता या पोराला दोन महिन्यांपूर्वी कावीळ झाली होती. सात आठवडे त्याचं औषध कंपाउंडरांनी स्वतःच्या हाताने दिलं होतं. ताई त्याला तेलाचा थेंब देत नव्हती, तिथे दारू कुठली? दोर धरणारे दोघे मागच्या दाराने येऊन रडले, सगळं लिहून देऊन गेले, आणि "आमचं नाव तेवढं घेऊ नका" म्हणाले. वर्तमानपत्राचा बातमीदार भला माणूस होता. तो म्हणाला, "काका, मी हे नुसतं छापलं तर उद्या कारखान्याच्या वकिलाची नोटीस येईल. पण सभागृहात बोललेल्या शब्दावर कुणाला दावा लावता येत नाही. तुम्ही तिथे बोला, मी शब्दन् शब्द छापतो."

कंपाउंडरांनी बोलायच्या आधी प्रश्न विचारला. तीच त्यांची खोड. सदर कामगारास टाकीत उतरवण्यात आले, हे खरे आहे काय? मंत्र्यांनी उत्तर दिलं, हे खरे नाही. आणि पुढे भाच्याचं पूर्ण नाव, वय, आणि "मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत टाकीत पडल्याचे आढळून आले." सभागृहात जे बोललं जातं ते कामकाजाच्या पुस्तकात छापलं जातं आणि ते पुस्तक कायमचं राहतं. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रातही आलं. बातमीदाराचा इलाज नव्हता, बोललेलं होतं ना.

तोवर गल्लीत नुसती कुजबुज होती. आता छापून आलं. नळावर बायका ताईला बघून गप्प व्हायला लागल्या. ताई भावाला टाकून बोलली नाही. ती एवढंच म्हणाली, "तू विचारलंस म्हणून त्यांनी लिहिलं. आता तूच ते खोडून आण."

छापलेलं खोडता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण त्याच पुस्तकात खरं छापून आणता येतं. त्यासाठी बोलायला हवं होतं. वर्षभर त्यांनी नोटिसा दिल्या. एक फेटाळली, एक वेळेअभावी राहिली, एकीच्या दिवशी गोंधळ होऊन सभागृहच तहकूब झालं. मग शेवटचं अधिवेशन आलं, आणि त्याचाही शेवटचा दिवस आला. कामगार खात्यावर चर्चा होती. अपक्षांच्या यादीत चौथं नाव यांचं होतं. यानंतर निवडणूक, आणि पुन्हा निवडून यायचं म्हणजे पुन्हा दोन पक्षांनी एकमेकांची लक्तरं टांगायला हवी होती.

त्यांनी अकरा पानं लिहिली. त्यात कावीळ होती, औषधांच्या तारखा होत्या, दोर होता, दोघांच्या जबान्या होत्या, कारखान्यात आधी झालेले तीन अपघात होते. बारीक अक्षरात अकरा पानं.

ताई पहाटेची बस धरून आली. वर पाहुण्यांच्या सज्जात बसायचं तर पिशवी, पाण्याची बाटली, फणीसुद्धा दारात काढून ठेवावी लागते. तिने सगळं काढून दिलं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात मांडीवर ठेवून बसली. शेजारच्या बाईला हळूच म्हणाली, "माझा भाऊ बोलणार आहे. माझ्या मुलाबद्दल." शिपायाने बोटाने गप्प राहायला सांगितलं.

सहाला पाच मिनिटं कमी असताना कंपाउंडरांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले. खुर्चीवर अध्यक्षांच्या जागी त्या वेळी दुसरेच एक सदस्य बसले होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग कंपाउंडरांच्या हातातल्या गठ्ठ्याकडे.

"एवढं सगळं वाचणार आहात का?"

"अकरा पानं आहेत, महाराज."

"दोन मिनिटं देतो. नाहीतर भाषण पटलावर ठेवा आणि बसा. काय करता, बोला."

पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ठेवा हो, उद्भवत नाही. लोकांना गाड्या पकडायच्यात." हशा पिकला.

कंपाउंडर उभे होते. ते काही घाबरले नव्हते. ते हिशेब करत होते. दोन मिनिटांत फार तर एक पान होईल. उरलेली दहा जातील. आणि पुस्तकात त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, मोठ्या पक्षांचे लोक नुसता कागद पटलावर ठेवायचे, आणि त्यांची लांबच लांब भाषणं पुस्तकात अक्षरन् अक्षर छापून यायची. मग एका पानावर समाधान कशाला मानायचं? एकही तारीख सुटायला नको. पोराच्या बाबतीत पुन्हा अर्धवट काही नको.

"पटलावर ठेवतो," ते म्हणाले. चालत खाली गेले, सभागृहाच्या मधल्या टेबलावर अकरा पानं ठेवली, वाकून नमस्कार केला आणि परत खांबाआड येऊन बसले. दोन-चार जणांनी खुशीने बाकं वाजवली. पाच मिनिटांत सभागृह संपलं.

दारात ताई फणी आणि पिशवी परत घेत होती. "तुझं मला काही ऐकूच आलं नाही रे," ती म्हणाली. "बोललास ना?"

"ठेवलं, ताई. सगळं पुस्तकात येईल. बोललो असतो तर थोडंसंच आलं असतं."

ताईचा भावावर विश्वास होता. बसमध्ये ती वर्षात पहिल्यांदा झोपली, भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून. बातमीदाराने मात्र दुसऱ्या दिवशी काही छापलं नाही. "बोलला नाहीत ना काका," तो म्हणाला, आणि त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. कंपाउंडरांनी त्याला धीर दिला. पुस्तक येऊ दे, मग त्यातून छाप.

निवडणुकीत ते चौथे आले. दवाखान्यात परत गेले, तर खिडकीमागे डॉक्टरांचा जावई उभा होता. त्याने स्टूल तेवढं दिलं. ताईने गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पुस्तक येणार आहे. नळावर ती आता मान वर करून जायची. "छापायला वेळ लागतो," असं तीच लोकांना समजावायची.

सात महिन्यांनी पुस्तक आलं. कंपाउंडरांनी शेवटच्या दिवसाचं शेवटचं पान काढलं. तिथे त्यांचं नाव होतं, आणि पुढे कंसात एक ओळ: सदस्यांनी कागद पटलावर ठेवला. त्याखाली, सभागृह संस्थगित झाले. त्यांनी मागची पुढची पानं उलटली, पुस्तक झाडूनसुद्धा पाहिलं. मग बस धरून ते छपाई शाखेत गेले.

तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाने चहा मागवला. "साहेब, पटलावर ठेवलेला कागद ग्रंथालयात जातो. पुस्तकात येत नाही. पुस्तकात फक्त बोललेलं येतं."

"पण त्या लोकांची छापून यायची."

"त्यांची प्रत आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत आमच्याकडे यायची. अध्यक्षांची परवानगी घेऊन. मग ते वाचलं असं धरतात. प्रतोद करतात ते सगळं." कारकुनाने चहा त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"नाही," कंपाउंडर म्हणाले. चहा तसाच राहिला.

ते ताईकडे गेले तेव्हा दुपार होती. ताई वाळलेले कपडे घडी करत होती. पुस्तक बघून तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला, आणि "पान काढून दे," म्हणाली. कंपाउंडरांनी काढून दिलं. तिला वाचायला वेळ लागायचा. ती बोट फिरवत त्या एका ओळीवर गेली, पान उलटलं, परत उलटलं.

"बाकीचं कुठे आहे?"

त्यांनी सगळं सांगितलं. कारकून, दुपारी बारा, परवानगी. ती ऐकत होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटलं.

"मग ती अकरा पानं?"

"त्यांच्या कपाटात आहेत."

"कुणाला वाचायची असली तर?"

"अर्ज करावा लागतो."

"आणि ते आधीचं? दारूचं?"

"ते आहे तसंच राहिलं, ताई."

ताईने पुस्तक मिटलं आणि घडी केलेल्या कपड्यांशेजारी ठेवलं.

"तो वर बसलेला माणूस तुला दोन मिनिटं देत होता," ती म्हणाली. "तेवढं मला ऐकू आलं होतं. मला वाटलं, तुझ्याकडे त्याहून चांगलं काहीतरी असेल."

कंपाउंडर पुस्तक उचलायला गेले, तिने त्यावर हात ठेवला.

"काय बोलला असतास? बोल आता. मला सांग."

"आता काय उपयोग, ताई?"

"बोल म्हणते ना."

ते उठून उभे राहिले. बसून बोलायची त्यांची सवय गेली होती. त्यांनी भाच्याचं पूर्ण नाव घेतलं. तो वायरमन होता, टाकीत उतरणं त्याचं काम नव्हतं. त्याला कावीळ झाली होती, सात आठवडे औषध मी माझ्या हाताने दिलं, दारूला तो शिवलेला नव्हता. त्या रविवारी फोरमनने त्याच्या कमरेला दोर बांधून त्याला आत सोडलं. दोर धरणाऱ्या दोघांनी मला तसं लिहून दिलंय. मंत्र्यांनी या सभागृहात दिलेलं उत्तर खोटं आहे. हे बोलताना त्यांचा आवाज दोनदा फाटला, पण ते थांबले नाहीत. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून ते खाली बसले.

ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अजून एक मिनिट उरलंय," ती म्हणाली.