मेलितोनचे जास्तीचे डोंगर

मेलितोनच्या गुडघ्यांची आणि धापेची चर्चा आधी नळावर झाली, मग गावसभेत. औसांगाते डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात खेचरांवर सामान लादून पाहुण्यांना खिंडीपलीकडे न्यायची पाळी घरोघर फिरते. पण हा म्हातारा आता खिंड चढेल का? शेवटी असं ठरलं की या खेपेला त्याचा जावई एदिल्बेर्तो सोबत जाईल आणि परत येऊन खरं काय ते सांगेल. जमलं नाही तर पाळी जावयाकडे. चाळीस वर्षांत मेलितोनवर कुणी पाळत ठेवली नव्हती. बायको फोर्तुनाता म्हणाली, तोंड बंद ठेवा आणि श्वास वाचवा. पहिलं त्याला जन्मात जमलं नव्हतं, आणि दुसरं आता जमेना.

पाहुणे दोघंच होते, एक निवृत्त शिक्षिका आणि तिचा भाऊ. तळ्याकाठी लोकरीसाठी पाळलेले अल्पाका चरत होते, ऊन छान पडलं होतं, आणि पहिल्याच चढाला मेलितोनच्या छातीचा भाता सुरू झाला. तो थांबला. झोळीतून चघळायच्या कोकाची तीन पानं काढली, नीट एकावर एक ठेवली आणि समोरच्या शिखराचं नाव घेऊन त्यांवर फुंकर घातली. डोंगराला मान द्यायची तिथली ही रीत, आणि मान देणाऱ्याला घाई करायची नसते. जावई टोपी काढून उभा राहिला.

पुढच्या वळणावर दुसरं शिखर, मग तिसरं. प्रत्येकाची भानगड वेगळी, आणि मेलितोन ती थांबून सांगे. हा डोंगर बायकोला भितो, त्याने शेजाऱ्याशी भांडून अर्धा बर्फ गमावला. शिक्षिका दगडावर टेकून वहीत लिहून घेई. तीही धापाच टाकत होती, त्यामुळे तिला हा वाटाड्या देवमाणूस वाटला.

खिंड दोन वळणांवर आली आणि मेलितोनकडचे डोंगर संपले. श्वास तर केव्हाच संपला होता. त्याने पानं काढली, मागे दूर दरीच्या तोंडाशी दिसणाऱ्या एका बोडक्या टेकाडाकडे तोंड केलं आणि गंभीरपणे काहीतरी नाव पुटपुटला.

एदिल्बेर्तो जवळ सरकला. "मामा, ते आपलं बटाट्याचं वावर आहे."

"मग? तुला काय कमी पोसलंय त्यानं?"

"आणि मघाचा तो? तिथं तुमच्या सासूबाई मेंढ्या चारतात."

"म्हणून तर. मान दिला नाही तर वर्षभर ऐकवेल म्हातारी."

जावयाने टोपीआड हसू दाबलं. मग त्याने स्वतःच्या झोळीतून तीन पानं काढली आणि बटाट्याच्या वावराला फुंकर घातली. इतकी सावकाश, की ती संपेपर्यंत म्हाताऱ्याचा श्वास जागेवर आला.

खिंडीतल्या दगडांच्या राशीवर खड्याच्या रूपाने आपला थकवा ठेवून पुढे उतरायचं असतं. मेलितोनने खिशातून खडा काढून ठेवला, जावयाने त्याच्या शेजारी आपला.

गावसभेत सगळे कान टवकारून बसले होते. एदिल्बेर्तो म्हणाला, मामा खिंड चढले, आणि पाहुणीला पुढच्या वर्षीही तेच हवेत. फक्त सोबत मी जात जाईन, मामांना डोंगर कमी पडतात. पाळी जिथल्या तिथे राहिली.

त्या संध्याकाळी मेलितोन चुलीपाशी बसून सूप भुरकत पुढच्या वर्षासाठी टेकाडं आठवत होता. फोर्तुनाताने वाटी पुन्हा भरली आणि बजावलं, आईच्या टेकाडाला मान दिलात ते बरं केलंत. आता एखादं माझ्याही नावाचं काढा, पण चांगलं उंच.