सात नंबरच्या भोकाचे ठोकळे

"ठोकळे गेले तर गेले. दगड तर जागेवर आहेत ना?"

"दगड जागेवर न्हाईत. मगापासनं तेच तर सांगतोय. दगड सरकवलेत."

"इंच-दोन इंच इकडे तिकडे होणारच, सोपानदादा."

"चार मीटर, साहेब. तांब्याच्या अकरा मीटरच्या पट्ट्यातला चार मीटर दगड वर आलेलाच न्हाई. आन् तुमच्या फोटोत पेटी कशी गच्च भरलीय. लग्नघरातल्या लाडवाच्या परातीगत."

कंपनीचा भूवैज्ञानिक असलेल्या यशोधनने लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला. शेडला लागून असलेल्या ऑफिसात, समोरच्या टेबलावर एक कागद होता. त्यावर एकच वाक्य छापलं होतं: सर्व पेट्या खोदकामाच्या वेळी होत्या तशाच ठेवलेल्या आहेत. खाली सोपान गायखेचं नाव आणि सहीची रिकामी जागा. कागद उडू नये म्हणून त्यावर चहाचा ग्लास ठेवलेला. सोपानने त्या चहाला अजून हात लावला नव्हता.

सुदुंबऱ्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, कंपनीच्या गोदामात, आठ हजार मीटर दगड झोपलेला होता. दूर विदर्भातल्या एका माळाखाली तांबं आहे का, हे बघायला कंपनीने भोकं पाडली आणि भोकातून निघालेला दंडगोल दगड, म्हणजे कोअर, पेट्यांत भरून इथे आणला. त्या पेट्या सांभाळणं हे सोपानचं काम. सोमवारी कुरवंड्याहून यायचं, शनिवारी परत जायचं. सहा वर्षं झाली. कुठल्या भोकाचा कुठला दगड कुठल्या पेटीत, हे त्याला कागदाशिवाय सांगता येई. ओंजळभर पाणी शिंपडून, दगड ओला करून, तो त्याचा रंग असा बघायचा, की जणू पोराच्या तोंडावरचा ताप बघतोय.

आणि खोदताना जिथे दगड मऊ निघाला, पाण्याबरोबर वाहून गेला, तिथे पेटीत लाकडाचा ठोकळा. ठोकळ्यावर भोकाचा नंबर आणि खोली. इथपासून इथपर्यंत काही मिळालं नाही.

खंडेनवमीला सोपान आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला तळेगावात होता. ऑफिस सांभाळणाऱ्या सारिकाने तीन मजूर लावून शेड लख्ख केली. पेट्या पुसल्या, हळदकुंकू वाहिलं. उघड्या मांडलेल्या सात नंबरच्या भोकाच्या पेट्यांतले लाकडाचे तुकडे कचऱ्यासारखे दिसत होते म्हणून वेचून पोत्यात भरले. मधल्या फटी वाईट दिसत होत्या म्हणून दगड पुढे सरकवत आणले. शेवटची पेटी अख्खी रिकामी उरली, तर ती भिंतीशी उभी करून तिला झेंडूचा हार घातला. मग सगळ्याचे फोटो. ते फोटो बघूनच तळेगावच्या घरी बसलेल्या यशोधनने लिहिलं: सात नंबर, दगड शंभर टक्के हाती.

"मामा, मला खरंच वाटलं ती जळणाची लाकडं आहेत," दाराशी खुर्चीत बसलेली सारिका म्हणाली.

"तुझ्यावर राग न्हाई पोरी. तू पूजा केली. ह्यांनी पूजेचा फोटो बघून पोथी लिवली."

"सोपानदादा, बोलताना जरा सांभाळून," यशोधन म्हणाला. "उद्या दुपारी अहवाल शेअरबाजारात जातोय. एका भोकाने काय फरक पडतो?"

"पट्टा लागला ती भोकं किती?"

यशोधन पडद्यावरचे आकडे वरखाली करत राहिला.

"पाच. आन् हे सात नंबर बरोब्बर मधलं. हे काढा, मंग राहिलेली चार भोकं एकमेकांची तोंडं तरी बघतील का, एवढी लांब हायत."

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, सहा वर्षं साहेबलोकांची बोलणी ऐकून कळलेलं. जमिनीखाली काय आहे हे कंपनीला मनाला येईल तसं जाहीर करता येत नाही. जगभर त्याचे नियम ठरलेत. नुसता अंदाज असेल तर अंदाज म्हणायचं. भोकं जवळजवळ असतील, दगड नीट हाती आला असेल, तर एक पायरी वर. आणि काढून विकणं परवडतं हे दाखवलं तरच 'राखीव साठा' हा शब्द. अंदाजावरून थेट राखीव साठ्यावर उडी मारायची नाही. अहवालाखाली एका जाणत्या माणसाचं नाव लागतं, कारण लोक ते नाव बघून पैसे लावतात. इथे ते नाव यशोधनचं. आणि सात नंबर गळलं, तर त्याचा साठा पुन्हा नुसता अंदाजच ठरणार होता.

"फोटोत पिवळ्या चमकीचा दगड मोजा," सोपान म्हणाला. "मोजा ना, माझ्यासमोर. सात मीटर भरतो. अहवालात अकरा लिवलंय. बाकीचे चार कुणी बघितले? तुमी बघितले? मी तर न्हाई बघितले, आन् मी रोज हितं असतो."

"त्या चार मीटरमध्ये तांबं नसेलच असं तुम्ही सांगू शकता?"

"न्हाई. असंलच असं तुमी सांगताय."

यशोधनचा चेहरा लाल झाला. सोपानचा त्याहून. त्याचा उजवा कान अशा वेळी आपोआप तापायचा. त्या कानाचा हिशोब जुना होता.

एकोणीस वर्षांचा असताना तो घाटातल्या एका बोगद्याच्या चाचणी-खोदकामावर हेल्पर लागला होता. मोठे साहेब येणार म्हणून त्यानेही हौसेने पेट्या अशाच नीटनेटक्या केल्या होत्या, फटी मिटवून. ड्रिलर बजरंगने ते पाहिलं आणि कानाखाली जाळ काढला. मग म्हणाला, "हितं मऊ गारा निघाला, चिखलागत, आन् वाहून गेला. बोगदा खणणारा माणूस ही पेटी बघून आत शिरणार हाय. त्याला डोक्यावर छप्पर हाय म्हणून तू सांगितलंस." चाळीस पेट्या पुन्हा लावायला दोन दिवस लागले. बजरंग दोन्ही दिवस त्याच्याशी बोलला नाही. आज तो हयात नाही, पण सोपान ठोकळा ठेवायला कधी चुकला नाही.

"हे बघा," यशोधन आवाज खाली आणत म्हणाला, "ठोकळे परत लावू, कोण नको म्हणतंय. पण अहवाल गेल्यावर. आत्ता फक्त सही."

"लावायला दोन दिवस लागतील. अहवाल दोन दिवस थांबवा."

"तारीख जाहीर झालीय. माझ्या हातात नाही."

"नाव तुमचं आन् हातात न्हाई?" सोपान हसला, पण ते हसणं बघून सारिकाने नजर खाली घातली. "साहेब, पट्टा लागल्यापास्नं तुमी ह्या शेडमधी किती वेळा आलाव? एकदा. बूट चिखलात भरले म्हणून दारातनंच गेलाव. आन् आज आलाव ते माझी सही न्यायला. माझी सही कशाला पायजे तुमाला? तुमाला ठाऊक हाय म्हणून. उद्या कुणी विचारलं, तर बोट दाखवायला शेडवाला पायजे."

"तुम्ही माझ्यावर आरोप करताय."

"व्हय."

पत्रा उन्हाने कडकड वाजला. सारिकाने टेबलाखालचं पोतं पायाने हळूच सोपानकडे सरकवलं.

यशोधनने चहाचा ग्लास उचलून बाजूला ठेवला. कागदावर त्याचा ओला गोल उमटला होता. त्यावर पेन ठेवत तो म्हणाला, "शेवटचं विचारतो, सोपानदादा. सही करताय की नाही?"

सोपानने वाकून पोतं उचललं. आत ठोकळे एकमेकांवर खडखडले. पेन त्याने घेतलं नाही. शेजारच्या डब्यातला, ठोकळ्यांवरचे आकडे गिरवायचा काळा मार्कर तेवढा खिशात टाकला. सारिकाने दारातली खुर्ची ओढून वाट करून दिली आणि तो पोतं खांद्यावर टाकून शेडकडे, हार घातलेल्या रिकाम्या पेटीच्या दिशेने निघून गेला.