वाढवलेली आग

दिग्रसहून समुद्र किती लांब आहे हे मी कधी मोजलं नाही, पण तीन वर्षांपासून जहाजांचं इंधन करते. कापूस वेचून झाला की शेतात उरते ती वाळकी पऱ्हाटी आमच्या छोट्या प्लान्टमध्ये येते. तिचा गॅस होतो, गॅसचं मिथेनॉल होतं, आणि ते पाण्यासारखं दिसणारं इंधन टँकरनं बंदराकडे जातं. त्यावर चालणारं जहाज काळा धूर ओकत नाही म्हणतात. असेल बुवा. मी प्रयोगशाळेत, आई आवारात झाडलोटीला, आणि दोघींपैकी कुणीही जहाज पाहिलेलं नाही.

या इंधनाची एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. भर उन्हात ते जळताना दिसत नाही. ना धूर, ना जाळ. म्हणून नियम असा की संशयाच्या जागी जाताना लांब पऱ्हाटी पुढे धरून चालायचं. तिचं टोक पेटलं तर समोर आग आहे. चांगली धडधाकट माणसं रिकाम्या हवेत काडी खुपसत चाललेली पाहिली की माझ्या अंगावर काटा यायचा, आणि काटा आला की मला रागच येतो. मी ती काडी धरायला लाजायचे.

त्या मे महिन्यात दक्षिणेतल्या एका बंदरावरून एक इंजिनिअर आम्हाला शिकवायला आला होता. मराठी कामापुरती शिकलेला, पण आईला न चुकता मावशी म्हणायचा. दुपारी बारा वाजता त्यानं आवारात लोखंडी ट्रेमध्ये थोडं मिथेनॉल पेटवून दाखवलं. आम्हाला काहीच दिसलं नाही. ट्रेवरची हवा थरथरत होती, पण मे महिन्यात आमच्याकडे सगळीच हवा थरथरते, आणि तोंडाला झळ तर सकाळपासूनच लागत होती. मग ट्रेवर पत्रा सरकवून आग कशी कोंडायची ते त्यानं आईला समजावलं, बाकीच्यांना घेऊन शेडमध्ये गेला आणि मला म्हणाला, "तुम्ही काडीनं बघा."

आईनं पत्रा सरकवला. ट्रे जरा हिंदकळला. मी पऱ्हाटी भिंतीला टेकवून सावलीत उभी होते.

"पाह्य वं, हाये का काई?" आईनं विचारलं.

मी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. "काई नाई," म्हणाले.

शेडमधून इंजिनिअर ओरडला, "मावशी, विझला?"

"वाढवला!" आई म्हणाली.

आमच्या घरात दिवा विझत नाही. विझला म्हणणं अशुभ, म्हणून तो वाढवतात, फुटलेली बांगडीही वाढवतात. आईनं जन्मात दुसरा शब्द वापरला नव्हता. पण त्या परमुलखातल्या माणसाला वाटलं, आग वाढली. तो धावत बाहेर आला. आई ट्रेपलीकडची बादली घ्यायला निघाली होती.

"थांबा!"

आई एक पाय उचलून थबकली. "कायले वरडून राह्यले? वाढवला म्हणलं ना!"

त्यानं भिंतीची पऱ्हाटी ओढली आणि आईच्या पावलांपुढे धरली. तिथं काहीच नव्हतं. नुसती फरशी, तिच्यावर ऊन. काडीचं टोक काळं पडलं आणि पिवळ्या ज्योतीनं पेटलं. आईच्या लुगड्यापासून वीतभर अंतरावर. ट्रेमधून सांडलेलं सगळं जळत होतं, आणि आम्ही तिघं त्याकडे बघत असूनही ते आम्हाला दिसत नव्हतं.

पुढं पाण्याचा पाइप आला, आरडाओरडा झाला. इंजिनिअरला शब्दाचा खरा अर्थ नंतर कळला. त्याला शब्द उलटा कळला म्हणून माझी आई वाचली. बरोबर कळला असता तर तो शेडमध्येच थांबला असता, आणि माझ्या सांगण्यावर आईनं पुढचं पाऊल टाकलं असतं. याची मला आजही भीती वाटते, त्याहून जास्त लाज वाटते.

आई त्याबद्दल मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आता आवारात कुठं जायचं झालं की ती अजून मलाच विचारते, "हाये का काई?" मी पऱ्हाटी धरून, सगळी जागा तपासून सांगते, "काई नाई, आई."

"बरं माय," ती म्हणते, आणि माझ्या हातातली काडी घेऊन स्वतः पुढे धरते.