कागद नसलेला हुकूम

मी सत्तावीस वर्षं तहसील कचेरीत कारकून होतो. आधी कर्जतला, मग निवृत्तीपर्यंत खालापूरला. सरकारबद्दल आमच्या घरात कुणी वाईट बोलत नसे. वडील धम्मदीक्षा घेतलेल्या पिढीतले. त्यांच्या बापाचं सगळं आयुष्य पाटलाच्या तोंडी शब्दावर गेलं होतं, म्हणून सही-शिक्क्याचा कागद त्यांना जिवंत माणसापेक्षा खरा वाटायचा. "तोंडी शब्द त्यांचा, लेखी शब्द आपला," असं ते म्हणायचे. मी ते धरून जगलो. आता ते वाक्य आठवलं की राग येतो. वडिलांचा नाही, माझाच.

माझी थोरली बहीण चौक गावात जुन्या हायवेच्या कडेला रोपांची नर्सरी चालवते. मी तिला आक्का म्हणतो. मेव्हणे गेल्यावर तिने ती एकटीने उभी केली. भाड्याची जागा, वर हिरवी जाळी, मागे पाण्याची टाकी आणि कामाला वाडीवरच्या दोन बायका. फार्महाऊसवर जाणारे मुंबईकर शनिवार-रविवारी गाड्या थांबवतात आणि कुंड्या घेऊन जातात. आक्काचा सगळा व्यवहार रोखीचा होता. मला ते अडाणीपणाचं वाटायचं. बँकेत खातं मी काढून दिलं, फोनमध्ये अ‍ॅप मी घातलं, टाकीवर स्कॅनर मी चिकटवला. ती नको म्हणत होती. नोटबंदीत तिचे साठवलेले पैसे बदलून घ्यायला मीच रांगेत उभा होतो, आणि तेव्हापासून सरकार पैशाबद्दल काही बोललं की ती तोंड फिरवायची. मी तिला समजावलं की नोटेचं एकवेळ काही होईल, पण बँकेतल्या आकड्याला कुणी हात लावत नाही.

एका मे महिन्यात पांढऱ्या गाडीतून एक माणूस आला. कर्जतच्या बाजूला बंगला बांधतोय म्हणाला. शोभेची झाडं, बोगनवेली, मोठ्या कुंड्या, असे अठरा हजार झाले. घासाघीस न करता त्याने फोनवरून पैसे दिले आणि टेंपो भरून माल नेला. आक्काने हाताने बिल लिहून दिलं, त्याची प्रत ठेवली आणि भरलेल्या टेंपोचा फोटो काढला. तीही मीच लावलेली सवय.

तीन आठवड्यांनी आंध्रातून रोपांचा ट्रक आला. पावसाळ्यातल्या लागवडीसाठी लोक रोपं नेतात, त्या दोन महिन्यांत तिचं वर्षभराचं पोट निघतं. ट्रकवाल्याला पैसे पाठवायला गेली तर फोनवर लाल खूण आली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिने मला बोलावून घेतलं. आम्ही तसेच बँकेत गेलो.

काउंटरवरच्या पोराने खातं बघितलं आणि होल्ड लागलाय म्हणून सांगितलं. परराज्यात कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली होती. ते पैसे दोन-तीन खात्यांतून फिरत पांढऱ्या गाडीवाल्याकडे आले आणि त्यातले अठरा हजार आक्काच्या खात्यात पडले. तिकडच्या पोलिसांनी माग काढत काढत खाती गोठवली होती. अठरा हजार नाही, सगळं खातं. त्यात तिचे दोन लाखांच्या वर पैसे होते.

मी त्या पोराला म्हणालो, आदेशाची प्रत द्या.

"प्रत नसते काका," तो म्हणाला. "सिस्टीममध्ये येतं. आम्हाला पण तेवढंच दिसतं."

आयुष्यभर मी कागद पुढे सरकवले. कुणाचं घर पाडायचं असेल तरी आधी नोटीस जायची, तारीख पडायची, खाली सही असायची. इथे माझ्या बहिणीची सगळी कमाई उचलून बाजूला ठेवली होती आणि तिला देण्यासाठी कुणाकडे चिठोरंही नव्हतं. मी तिथे आवाज चढवला. मॅनेजर बाहेर आला आणि म्हणाला की वरून आलंय, आमच्या हातात काही नाही. आक्का माझ्याकडे बघत होती. बाहेर पायरीवर आल्यावर तिने विचारलं, "तू पन लोकांना असंच सांगायचास ना रं?"

सांगायचो. वरून आलंय, साहेब मीटिंगला गेलेत, पुढच्या सोमवारी या. डोंगरावरून सकाळी निघून दुपारी पोहोचलेल्या माणसाला मी ते तोंड वर न करता सांगितलेलं आहे.

ट्रकवाला दोन दिवस थांबला. मी माझ्या पैशातून देतो म्हणालो. आक्का म्हणाली, "तेपन त्याच बँकेतलं ना? नको मला." तिने बांगड्या गहाण टाकून अर्धी रोपं उतरवून घेतली. उरलेली कुंभिवलीच्या एका नर्सरीवाल्याने भाव पाडून घेतली. तो सीझन बुडाला.

मी अर्ज लिहायला बसलो. अर्ज मला येतात. बिलाची प्रत, भाडेकरार, टेंपोचा फोटो जोडून बँकेला लिहिलं, तिकडच्या पोलीस ठाण्याला हिंदीत लिहिलं, ईमेल केले, रजिस्टर पोस्ट केलं. कुठूनही उत्तर आलं नाही. त्या ठाण्याला रोज फोन लावायचो. तिसऱ्या आठवड्यात एकाने उचलला आणि खातेदाराला घेऊन इकडे या म्हणाला. मी म्हणालो, बाई साठीची आहे, दोन दिवसांचा प्रवास आहे, आणि तिने फक्त झाडं विकलीत. तो म्हणाला, असं सगळेच म्हणतात. मग त्याने एका वकिलाचा नंबर दिला. वकिलाने गोड आवाजात तीस हजार मागितले, म्हणजे महिन्याभरात नाहरकत मिळेल.

मी द्यायला तयार झालो होतो. आक्काने माझ्या हातातला फोन घेतला आणि बंद केला. "चोरानं अठरा हजार नेलं नाय माझं," ती म्हणाली. "तो तर देऊन गेला."

पाचव्या महिन्यात खातं आपोआप उघडलं. कशामुळे ते बँकेलाही सांगता आलं नाही. अठरा हजार तेवढे अडकलेले राहिले, ते अजून अडकलेले आहेत. पत्र नाही, खुलासा नाही. त्याच दिवशी आक्काने बाकीची सगळी रक्कम काढली. मॅनेजर आता खुर्ची देत होता आणि मुदत ठेवीचं समजावत होता. एवढी रोकड कशासाठी काढताय, असं त्याने विचारलं.

"माझं हाय म्हनून," ती म्हणाली.

हायवेवर ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. पंक्चरवाल्याने स्कॅनर काढला, चहावाल्याने काढला. गिऱ्हाईक रोकड नाही म्हणालं तर आक्का उचललेली कुंडी त्याच्या हातातून परत घेते. लोकांचं मन एकदा फाटलं की त्यातून काहीही आत शिरतं. परवा चहाच्या टपरीवर एकजण छातीठोक सांगत होता की पुन्हा नोटा बंद होणार, आणि या वेळी बदलूनही देणार नाहीत. पूर्वी अशा माणसाला मी कायदा सांगून गप्प केलं असतं. या वेळी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, सरकारी माणूस काय म्हणतो ते ऐकायला. मी म्हणालो, करतीलही. ते खोटं आहे हे मला बहुतेक कळत होतं. तरी म्हणालो, आणि म्हणताना बरं वाटलं.

माझी पेन्शन त्याच बँकेत येते. एक तारखेला मी जातो आणि सगळी काढून आणतो. तो पोरगा अजून मला काका म्हणतो. मी त्याच्याशी बोलत नाही. त्याची चूक नाही हे मला ठाऊक आहे. माझीही नव्हती, असं मी सत्तावीस वर्षं समजत होतो.

गेल्या महिन्यात रेशनकार्डाच्या पडताळणीचा मेसेज आला. पूर्वी सरकारी काही आलं की आक्काचा फोन यायचा. या वेळी ती वाडीवरच्या कामाच्या बाईला सोबत घेऊन खालापूरला गेली, दिवसभर रांगेत उभी राहिली आणि काम करून आली. मला चार दिवसांनी कळलं. मला का नाही सांगितलंस, असं विचारलं तर रोपांना पाणी घालता घालता म्हणाली की तू आता दमतोस रं.

मी दमलो नव्हतो.