टेबलाच्या पोटातली मशीन

मेडशीच्या बसथांब्याजवळ अर्ज टाइप करून देणाऱ्या काकांचं टेबल अजब आहे. उजवीकडे कॉम्प्युटर, डावीकडच्या फळीखाली लपवलेला टाइपरायटर. वीज गेली की काका खुलतात. "मांगं सरका" म्हणत फळी उघडून कळ ओढतात, आणि तळ्यातून म्हैस निघावी तशी काळी मशीन डुलत वर येते. मग असा खडखडाट चालतो की शेजारचा चहावालाही हातात गाळणी घेऊन पाहायला येतो.

काल वीज काही जाईचना. शेवटी काकांनी पायाच्या अंगठ्यानं टेबलाखालचं बटण हळूच दाबलं. कॉम्प्युटर बंद पडला.

"लाइन गेली वाटते," काका म्हणाले.

डोक्यावर पंखा गरगरत होता. मी वर पाहिलं. रांगेतल्या आजीनंही पाहिलं.

"गेलीच ना बापा," आजी म्हणाली. "काढ मशीन. कवाची वाट पाहून राह्यली मी."